पातळी

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातल्या बुधवारी, सकाळी सात वाजता, आमच्या टॅम्पाच्या घरासमोर पंचवीस फुटी आरव्ही येऊन थांबली. अण्णा खाली उतरले. मला वाटलं, बेल वाजवतील. ते ड्राइव्हवेवर उकिडवे बसले, खिशातून काचेची गोटी काढून सिमेंटवर ठेवली आणि ती कुठे जाते ते बघत राहिले. गोटी गॅरेजकडे गेली.

“तुझ्या ड्राइव्हवेचा उतार उलटा आहे,” मी दार उघडल्यावर त्यांचं पहिलं वाक्य. “पाऊस झाला की गॅरेजात पाणी येत असणार.”

येतं. चार वर्षं येतंय. पण सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, ते कुणी सांगायला नको असतं.

अण्णा मूळचे सांगलीचे. तिथल्या वालचंद कॉलेजमधून सिव्हिल इंजिनियर झाले, दोनेक वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या काठाने हिंडले आणि मग फ्लॉरिडात येऊन तीस वर्षं एका काउंटीत पावसाचं पाणी रस्त्यावरून काढून देण्याची नोकरी केली. म्हणजे कृष्णाकाठचा माणूस पोटासाठी सातासमुद्रापार आला आणि इथेही गटारांच्या उतारातच रमला. सांगलीकराला पाण्याची उंची कळायला लागतेच, त्याला इलाज नाही. पावसाळ्यात तिथे माणसं एकमेकांना नमस्कार न करता ‘आयर्विनला किती?’ म्हणून विचारतात, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा अण्णा आठवडाभर इथल्या रात्रीचे तिथले दिवस करून जागे होते. पुतण्याला दर तासाला फोन. पुतण्या माळ्यावर बसलेला. अण्णा विचारत होते, “किती पायऱ्या बुडाल्या? एका पायरीची उंची किती आहे? मोजून सांग.”

अण्णांचं म्हणणं असं की जगातली निम्मी भांडणं उतार कमी पडल्यामुळे होतात आणि उरलेली तो उलटा पडल्यामुळे. पुण्यात भाच्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. लोक बाल्कनीतून टेकडी बघत होते, अण्णा बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतून घड्याळ लावून उभे. पूजा झाली, आरती झाली, पंगत बसली. पाणी जाळीपाशी पोचलं नव्हतं. प्रसाद घेताना अण्णांनी हे यजमानांना सांगितलं. भाचा अजून त्यांच्याशी बोलत नाही, आणि बाथरूममध्ये वायपर ठेवतो.

एक मात्र खरं. तीस वर्षांत मंडळाच्या मीटिंगांत, गणपतीच्या वर्गणीवरून, नाटकाच्या तिकिटांवरून काय काय झालं, पण अण्णांनी पातळी कधी सोडली नाही. ती त्यांच्या खिशातच असते. सहा इंची, पिवळी, मधल्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा.

रिटायर झाल्यावर त्यांनी आरव्ही घेतली, आणि या माणसाच्या स्वभावाला शोभेल असं वाहन जगात दुसरं नाही हे त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, लक्षात आलं तेव्हा पैसे देऊन झाले होते. कारण आरव्ही उभी करायची म्हणजे ती सपाट उभी करावी लागते. तिच्यातला जुन्या पद्धतीचा गॅसवर चालणारा फ्रीज कलता राहिला तर थंड होत नाही, उलट बिघडतो. आत अमोनियाचं चक्र असतं, ते आपल्याच वजनाने वाहतं. अण्णांच्या छंदाला हे शास्त्रीय कारण मिळालं आणि मग विचारायला नको. आता फ्लॉरिडा म्हणजे पोळपाट. अख्ख्या राज्यात एक धड टेकडी नाही. त्या राज्यात हा माणूस दर मुक्कामाला पाऊण तास चाकाखाली प्लॅस्टिकचे ठोकळे सरकवतो. काकू आत ओट्यावर भरलेला चहाचा कप घेऊन बसतात. बुडबुड्यावर अण्णांचा विश्वास आहे, पण शेवटचा निकाल कपाचा.

“आता?”

“ड्रायव्हरकडे झुकतोय.”

“आता?”

“आता प्यायले मी. उरला नाही.”

मला त्यांच्याबरोबर जायची बुद्धी कशी झाली, हे विचारू नका. एव्हरग्लेड्स बघायचं होतं, बायकोने “तू जाऊन ये, मी घर सांभाळते” म्हटलं होतं, आणि अण्णा म्हणाले होते, “झोपायची सोय चौघांची आहे.” गाडीत शिरल्यावर कळलं की तिसऱ्या जागेवर कुकर, पोळपाट, पापडाचे डबे आणि सांगलीहून आलेल्या भडंगाची पाच किलोची पिशवी आहे. चौथी जागा, मागचा बंक, रिकामी होती. पण मी तिथे चढून बसलो तसा अण्णांनी बुडबुडा पाहिला.

“तुझं वजन किती?”

“ब्याण्णव.”

“मग तुझ्यासाठी तंबू घेऊ,” ते म्हणाले. “खरं कॅम्पिंग तंबूतच.”

टॅम्पाहून मायामीकडे जाणारा जुना रस्ता टामायामी ट्रेल. दोन्ही गावांची नावं चिकटवून केलेलं नाव. १९२८ साली तो दलदल फोडून पुरा झाला. लोक या रस्त्यावर कडेच्या कालव्यात पहुडलेल्या मगरी बघायला थांबतात. ओचोपी नावाच्या ठिकाणी अमेरिकेतलं सगळ्यात छोटं पोस्ट ऑफिस आहे, बागेतल्या अवजारांच्या खोपटाएवढं, तिथे फोटो काढतात. आम्हीही थांबलो. पोस्टासमोर नव्हे, मोरीपाशी. या रस्त्याखाली मोऱ्या आहेत, पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं म्हणून ठेवलेल्या, आणि अण्णा त्यातली एकही ओळखीची मोरी चुकवत नाहीत. एका मोरीपाशी दहा फूट लांबीची मगर जबडा उघडा टाकून उन्हात पडली होती. पलीकडे जर्मन पर्यटकांचा घोळका तिचे फोटो काढत होता. अण्णा कठड्यावरून वाकून मोरीचं तोंड न्याहाळत होते.

“अण्णा, मगर.”

“हो, हो. निम्मा गाळ भरलाय बघ.”

नंतर गाडी चालवता चालवता त्यांनी जे सांगितलं, ते मात्र मी विसरणार नाही, आणि ते सांगताना त्यांचा आवाजही बदलला होता. एव्हरग्लेड्स म्हणजे दलदल नव्हे, ती नदी आहे. ओकीचोबी सरोवरातून निघून समुद्राकडे जाणारी, कोसच्या कोस रुंद आणि बहुतेक ठिकाणी गुडघाभरही खोल नाही. वरून बघाल तर नुसतं गवत. करवतीच्या दात्यांचं ते गवत, आणि त्याच्या बुडातून पाणी सरकतंय. मैलाला जेमतेम दोन इंच उतार. मार्जरी स्टोनमन डग्लस नावाच्या बाईंनी १९४७ साली पुस्तक लिहून या सगळ्याला गवताची नदी म्हटलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी इथे राष्ट्रीय उद्यानाचं उद्‌घाटन केलं. “आमचं कॉलेजही सत्तेचाळीसचंच,” अण्णा म्हणाले. जणू ट्रुमन सांगलीलाही येऊन गेले होते.

“मग पुढच्याच वर्षापासून इंजिनियर लोक कामाला लागले. कालवे, बांध, पंप. पाणी हाकलायचं. वर किसिमी नदी होती, नागमोडी, शंभर मैलांवर लांब. ती सरळ केली. छप्पन्न मैलांचा कालवा! का, तर पूर लवकर निघून जावा. आणि मग काही दशकांनी त्याच लोकांनी कालव्याचा काही भाग बुजवून पुन्हा वळणं केली. या रस्त्याचंही तेच. हा रस्ता म्हणजे नदीच्या गळ्यात अडकवलेला बांध. आता जागोजाग तो उचलून खाली पूल घालताहेत.”

“म्हणजे चुकलंच की तुमच्या लोकांचं.”

अण्णा बराच वेळ गप्प. ब्लिंकर उगाच टिकटिकत होता.

“मैलाला दोन इंच,” शेवटी ते म्हणाले. “माणसाला दिसतच नाही रे तेवढा उतार.”

होमस्टेडला फळांच्या प्रसिद्ध स्टॉलवर काकूंनी फणस घेतला. रॉबर्ट इज हिअर असं त्या दुकानाचंच नाव आहे. ‘रॉबर्ट इथे आहे’ असं भलंमोठं लिहिलेलं पाहून काकू म्हणाल्या, “असूदे बिचारा.” फणस मागच्या बंकवर, माझ्या जागेवर, ठेवला. बुडबुडा हलला नाही.

पहिला मुक्काम लाँग पाइन कीचा. नावात ‘की’ म्हणजे बेट असलं तरी समुद्र कुठेच नाही, पाइनचं रान आहे, आणि भोवतालच्या पाण्यापेक्षा दोन-चार फूट उंच एवढ्याच हिशेबाने ते बेट. मी तंबू काढला. पहिली खुंटी ठोकली, ती इंचभर आत गेली आणि वाकली. दुसरी वाकली. तिसरी उडून पिकनिकच्या टेबलाखाली गेली. इथे माती नावालाच, खाली चुनखडक. शेजारच्या साइटवरच्या मिशिगनच्या आजोबांनी, थंडी टाळायला दर हिवाळ्यात खाली उतरणाऱ्यांपैकी ते, हसत हसत मला दगड दाखवले. दोऱ्या दगडांना बांधायच्या. अण्णा आले. मला वाटलं, मदतीला. त्यांनी तंबूच्या आत पातळी ठेवली.

“डोकं पूर्वेला कर. पश्चिमेला केलंस तर रक्त डोक्यात उतरेल.”

“किती उतार आहे?”

“अर्धा इंच.”

रात्री घुबड ओरडलं. इथल्या रानातलं हे घुबड अगदी विचारल्यासारखं ओरडतं. अमेरिकनांना त्यात ‘तुझा स्वयंपाक कोण करतं’ असा इंग्रजी प्रश्न ऐकू येतो. मी ते काकूंना सांगितलं. काकू पिठलं हलवत होत्या. त्यांनी खिडकीतून अंधारात पाहिलं आणि म्हणाल्या, “इथे ये, सांगते.”

सकाळी अनहिंगा ट्रेलला गेलो. तिथे पार्किंगमध्ये गिधाडं असतात, आणि त्यांना गाड्यांचे वायपर आणि काचांचं रबर फार आवडतं. हे मी वाढवून सांगत नाही, पार्कवाल्यांनी गाड्या झाकायला निळ्या ताडपत्र्या आणि हुकाच्या दोऱ्या ठेवल्या आहेत, फुकट. अण्णांनी ताडपत्री उलगडून पाहिली, तिच्यात मधे खोलगट भाग होतो आणि दव साचतं म्हणून नाकारली. मग काकूंची जुनी इरकल काढली. पुढच्या काचेवर पदर, दोन्ही आरशांना गाठी. आम्ही अनहिंगा नावाचे ते पाणकावळ्यासारखे पक्षी पंख वाळवताना बघून परत आलो, तर इरकल नेसलेल्या आमच्या गाडीच्या टपावर सहा गिधाडं मांडवात व्याही बसावेत तशी ओळीने बसलेली. एकानेही रबराला तोंड लावलं नव्हतं. काकूंना मात्र साडीच्या काठाचं वाईट वाटलं.

तिथून पुढच्या मुक्कामाला, फ्लमिंगोला निघालो. उद्यानाच्या फाटकापासून तिथवरचा रस्ता अडतीस मैलांचा आहे आणि त्यावर एक घाट लागतो. चेष्टा नाही, पाटी आहे: रॉक रीफ पास, उंची तीन फूट. आपण खंबाटकी चढलेली माणसं. पण अण्णांनी चढाच्या आधी गिअर बदलला. खरंच बदलला. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली, उतरले, पाटीला हात लावून उभे राहिले आणि काकूंना फोटो काढायला लावला. दुपारचं ऊन चढलेलं, दोन्हीकडे क्षितिजापर्यंत गवत, वर ढगांच्या सावल्या, आणि मधे टोपी काढून उभे असलेले अण्णा. मी हसलो. ते नाही हसले.

“इथून पाणी दोन वाटांनी जातं,” ते म्हणाले. “तीन फुटांनी ठरतं, कुठल्या वाटेने जायचं ते.”

फ्लमिंगोला रस्ता संपतो आणि समुद्र सुरू होतो. तिथे माहिती केंद्रापाशी डासांचा मीटर आहे. लाकडी पाटी, तिच्यावर काटा, आणि काट्याची घरं ‘मजेत’ इथून सुरू होऊन ‘असह्य’च्याही पलीकडे, माणूस पिसाळेपर्यंत जातात. काटा हाताने फिरवायचा असतो, तो चेष्टेचाच प्रकार आहे. पण अण्णांनी मोजमापाच्या कुठल्याही गोष्टीची आजवर चेष्टा केलेली नाही. त्यांनी काट्यावर बोटाने टिचकी मारली, पेट्रोलच्या काट्यावर मारतात तशी, दोन मिनिटं थांबून हातावर बसलेले डास मोजले आणि काटा एक घर पुढे सरकवला. उन्हाळ्यात इथे येणं म्हणजे आत्महत्या, पण नोव्हेंबर संपता संपता डास ओसरतात असं म्हणतात. ओसरले होते. उरलेले माझ्या तंबूत होते. त्याहून बारीक, जाळीतून आत शिरणारी जी चिलटं असतात ती काकूंच्या उदबत्तीलाही भीक घालत नव्हती.

अण्णांचा खरा आनंद वेगळाच होता, तो तंबूतून दिसत नाही. आरव्हीच्या पोटात दोन टाक्या असतात, एक काळी आणि एक करडी. काळीत संडासाचं, करडीत मोरीचं. दोन्ही टाक्या डम्प स्टेशनवर रिकाम्या करायच्या, आधी काळी, मग करडी, म्हणजे मागच्या पाण्याने नळी धुऊन निघते. बाकी लोक नाक दाबून, मान वळवून हे उरकतात. अण्णा रबरी हातमोजे चढवतात, नळीखाली स्वतः बनवलेली पायऱ्यांची घोडी मांडतात, तिच्यावर पातळी ठेवतात आणि अठ्ठेचाळिसाला एक उतार जमला की झडप उघडतात. मागे चार गाड्यांची रांग. टेक्सासची पाटी असलेल्या गाडीतल्या माणसाने एकदा हॉर्न दिला. अण्णांनी हात वर केला, जरा थांब, या अर्थाने, आणि नळीला कान लावला.

“ऐक,” मला म्हणाले.

मी ऐकलं. काय सांगणार. वाहत होतं.

“पंप नाही, मोटर नाही. नुसता उतार.” डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

शुक्रवारी रात्री उत्तरेकडून थंड वारं आलं आणि त्याच्या पुढे पाऊस. हा खरं तर कोरडा ऋतू, पण पावसाला कोण सांगणार. माझा तंबू समुद्राकडच्या मोकळ्या गवतात होता, खाडीचा देखावा दिसावा म्हणून मीच निवडलेल्या जागी. अडीच-तीनच्या सुमाराला पाठीला गार लागलं. उठून बसलो तर स्लीपिंग बॅग तरंगायच्या बेतात, चपला निघून गेलेल्या. चेन उघडली. बाहेर सगळं मैदान एकच आरसा झालं होतं. चार बोटं पाणी, आणि ते कुठेही जायला तयार नव्हतं.

तेवढ्यात आरव्हीचं दार उघडलं, पिवळा उजेड पाण्यावर पडला, आणि अण्णा छत्री घेऊन उतरले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. एका हातात छत्री आणि विजेरी, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. डुबुक डुबुक करत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली. मला भरून आलं. मागचा बंक, फणस खाली काढला असेल, कोरडी चादर, असं सगळं डोळ्यांसमोर आलं.

“किती आलं असेल रे?” अण्णा म्हणाले.

“चार बोटं.”

“मला पण तेवढंच वाटतंय.” मग त्यांनी मूठ उघडली. भडंग होतं. त्यातले दाणे आणि कढीपत्ता त्यांनी बाजूला करून तोंडात टाकला, मुरमुरे मोजून तीन उरवले आणि वाकून, एकेक करून, पाण्यावर ठेवले. कालव्यावर नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी हेच करायचे म्हणे, वेग मोजायला. तेव्हा बाटलीचं बूच असायचं.

आम्ही दोघं वाकून बघत होतो. मुरमुरे जागच्या जागी फिरत होते.

“अहो, ते भडंग संपवू नका हं!” आतून काकू. “आणि त्याला आत घ्या.”

“थांब गं. हलतंय.”

विजेरीच्या गोल उजेडात एक मुरमुरा खरंच हलला होता. बोटभर. मला तरी तसं वाटलं.

“दक्षिणेला,” अण्णा अगदी हळू आवाजात म्हणाले.

“वाऱ्याने असेल,” मी म्हणालो. मी दात वाजेपर्यंत कुडकुडत होतो, नाहीतर बोललो नसतो.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ही शंका त्यांना पटली होती. त्यांनी छत्री माझ्या डोक्यावरून काढली, वारं कुठून येतंय ते ओल्या बोटाने तपासलं, आणि उत्तरेच्या बाजूने ती मुरमुऱ्यांवर आडवी धरली.